कॉफी पारखायला शिकताना: नाशिकच्या स्वयंपाकघरापासून चिकमगळूरच्या मळ्यापर्यंत

कॉलेज रोड, गंगापूर रोड, महात्मानगर, इंदिरानगर. गेल्या काही वर्षांत या भागांत कॅफे भराभर वाढले. तिथून बाहेर पडलेल्या माणसाला कॉफी कशी होती असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर जागेबद्दल येतं. बसायला निवांत होतं, एसी छान होता, गाणी फार मोठ्याने नव्हती. कॉफीबद्दल काही सांगता येत नाही, कारण ती कशाशी ताडून बघायची हेच ठाऊक नसतं.

म्हणून नवख्यांना मी आधी कॅफेची यादी देत नाही. घरी एक कॉफी ठरवून घ्या, ती रोज एकाच मापाने करा आणि जिभेला पाठ होऊ द्या. मग उडप्याकडे, कॅफेत, माटुंग्यात किंवा बंगळुरूत कुठेही गेलात तरी समोरचा कप त्या घरच्या कपाशेजारी ठेवून बघता येतो. नाशिककराला हे जड जाऊ नये. थॉमसन, सोनाका आणि शरद सीडलेस ही द्राक्षं समोर ठेवली तर डोळे मिटून कोणतं कुठलं ते सांगणारी माणसं इथे पुष्कळ आहेत. त्यांना कोणी शिकवलं नाही, दरवर्षी खाऊन खाऊन ती जीभ तयार झाली. कॉफीचंही तसंच होतं.

पहिलं काम: डब्यावरची बारीक अक्षरं वाचा

किराणा दुकानात कॉफी म्हणून तीन वेगळ्या वस्तू मिळतात. एक इन्स्टंट, म्हणजे आधीच कॉफी काढून तिचं पाणी उडवून केलेली पूड. ती पाण्यात पूर्ण विरघळते. दुसरी फिल्टर कॉफीची पूड, जिच्यात बहुधा चिकोरी मिसळलेली असते. तिसरी निव्वळ कॉफीची पूड किंवा अख्ख्या भाजलेल्या बिया.

चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ. ते वाळवून, भाजून दळतात. आपल्याकडे ते मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं. त्यात कॅफीन नसतं, पण डिकॉक्शनला, म्हणजे पुडीतून उतरलेल्या काळ्या अर्काला, दाटपणा, गडद रंग आणि गोडसर कडवटपणा येतो. कायद्याप्रमाणे मिश्रणात कमीत कमी ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ‘कॉफी ५३, चिकोरी ४७’ असं वाचलंत तर लक्षात घ्या की आपण जवळजवळ अर्धं मूळ विकत घेतोय. इन्स्टंटच्या बरण्यांवरही हे बघा, तिथेही मिश्रणं असतात. चिकोरी वाईट असं मी म्हणणार नाही, दाक्षिणात्य घरांत ती आवडीने घालतात. फक्त शिकताना तिचं प्रमाण कमी ठेवा. ८०:२० घ्या किंवा निव्वळ कॉफी घ्या.

आपल्या घरातली जायफळ-वेलदोड्याची, दुधात उकळलेली कॉफी मला फार प्रिय आहे. पाहुणे आले, बाहेर पाऊस आहे, अशा वेळी तिला पर्याय नाही. पण तिला माप म्हणून वापरू नका. जायफळापुढे कोणतीही बी गप्प बसते, आणि आपल्याला तर बीचा स्वाद ऐकायचा आहे.

दुसरं काम: घरचा कप पक्का करा

स्टीलचं दाक्षिणात्य फिल्टर घ्या, दोन कपांचं. भांडीबाजारात विचारलं तर मिळून जाईल, ऑनलाइनही मिळतं. काही शे रुपयांचं काम. वरच्या भांड्याला बारीक भोकं, खालचं भांडं डिकॉक्शन साठवायला, मध्ये दांड्याची जाळीदार चकती आणि वर झाकण, एवढाच त्याचा संसार.

वरच्या भांड्यात २० ग्रॅम पूड घ्या. स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा असेल तर उत्तम, नसेल तर तीन शिगोशीग मोठे चमचे. भांडं हलकेच आपटून पूड सपाट करा, वर चकती ठेवा, दाबू नका. पाण्याला उकळी आणून गॅस बंद करा आणि अर्धा-एक मिनिट थांबा. मग आधी फक्त पूड भिजेल एवढंच पाणी गोल फिरवत घाला.

इथे थांबून बघा. पूड ताजी असेल तर ती फुगून वर येते, बुडबुडे फुटतात, वास एकदम अंगावर येतो. बी भाजताना तिच्यात कार्बन डायऑक्साइड साठतो, तो बाहेर पडत असतो. शिळ्या पुडीत तो उडून गेलेला असतो, मग पाणी नुसतं चिखलात मुरावं तसं आत जातं. पाकिटावर काहीही छापलेलं असो, ताजेपणाची ही परीक्षा खोटं बोलत नाही. चिकोरी जास्त असेल तर फुगारा कमी दिसेल, एवढं ध्यानात ठेवा.

अर्ध्या मिनिटाने उरलेलं पाणी घाला, एकूण साधारण १२० मिली. झाकण ठेवा आणि विसरून जा. पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शन खाली उतरायला हवं. पाच मिनिटांत सगळं गळालं तर दळण जाड आहे. तासाभरानेही थेंब पडत नसतील तर दळण फार बारीक आहे, चकती दाबली गेली आहे किंवा भोकं चोंदली आहेत. पूड स्वतःच्या दुपटीएवढं पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली ८० मिलीच्या आसपास मिळेल. दोन कपांना पुरतं.

डिकॉक्शन कधीही उकळू नका. गार झालं असेल तर गरम पाण्याच्या वाटीत भांडं ठेवून कोमट करा. दूध वेगळं, कडकडीत तापवा आणि एक भाग डिकॉक्शनला अडीच भाग दूध घाला. पण दूध घालण्याआधी चमचाभर डिकॉक्शनमध्ये थोडं गरम पाणी मिसळून दोन घोट तसेच प्या. साखर नाही, दूध नाही. पहिले काही दिवस तोंड वाकडं होईल. होऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कडूपणाच्या मागचं काहीतरी कळायला लागतं.

पाण्याचं एक सांगायला हवं. अनेक सोसायट्यांत धरणाचं पाणी आणि बोअरचं पाणी आलटून पालटून येतं. बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॉफी सपाट लागते, आंबटगोड छटा मरून जाते. उलट आरओने सगळेच क्षार काढून टाकलेले असतील तर ती पोकळ लागते. महापालिकेचं पाणी साध्या गाळणीच्या फिल्टरमधून घेतलंत तर तेच सर्वांत बरं.

आठ-दहा दिवस हीच कॉफी, हेच माप. वहीत फक्त तीन गोष्टी लिहा: कडू किती, आंबट किती, दाट किती. फुलं, फळं, चॉकलेट वगैरे शब्दांच्या मागे इतक्यात लागू नका, ते पुढे आपोआप येतात.

मग दुसरं पाकीट मागवा. एका नावाच्या मळ्याचं, भाजल्याची तारीख छापलेलं, भाजून महिन्याच्या आतलं. ‘वापरण्याची शेवटची तारीख’ आपल्या उपयोगाची नाही. घरी दळायचं यंत्र नसेल तर ‘साउथ इंडियन फिल्टरसाठी दळून द्या’ असं कळवा, बहुतेक भाजणारे दळून देतात. शंभर-दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथे ओल धरते आणि लसणाचा वासही.

पाकिटावर अरेबिका लिहिलंय की रोबस्टा, ते बघा. या कॉफीच्या दोन जाती. अरेबिका उंचावर पिकते, तिला आंबटगोड सुवास जास्त. रोबस्टा दणकट, कडू आणि दाट, तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट. रोबस्टा हलक्या प्रतीची असा समज पसरलेला आहे. तो मला पटत नाही. नीट पिकवलेली आणि फळाचा गर धुऊन काढलेली रोबस्टा दुधातून जितकी ठाम लागते तितकी नाजूक अरेबिका लागत नाही.

तिसरं काम: आता बाहेर पडा, पण आधी उडप्याकडे

कॅफेच्या आधी उडपी हॉटेल, असा माझा आग्रह आहे. कप स्वस्त असतो, शिवाय घरी केली तीच पद्धत तिथे मोठ्या प्रमाणावर दिसते. सकाळी साडेसातच्या सुमारास जा. तेव्हा डिकॉक्शन ताजं असतं, दुपारी तीनला तेच सकाळचं मिळण्याची शक्यता जास्त. शक्य असेल तर काउंटरजवळ उभे राहा. हातखंडा असलेला माणूस ग्लासात दोन बोटं डिकॉक्शन घेतो, वरून उकळतं दूध सोडतो, मग ग्लासातून वाटीत आणि वाटीतून ग्लासात हातभर उंचीवरून ओततो. फेस त्या ओतण्यानेच येतो. कॉफी प्यायच्या बेताची निवते ती सुद्धा त्यामुळेच.

ऑर्डर देताना सरळ विचारा, ‘दादा, फिल्टर आहे का इन्स्टंट?’ काही ठिकाणी फलकावर फिल्टर कॉफी लिहिलेलं असतं आणि कपात इन्स्टंट येते. प्रामाणिक हॉटेलवाला लगेच सांगतो. पुढे म्हणा, ‘साखर बाजूला द्या, डिकॉक्शन थोडं जास्त घाला.’ पहिला घोट बिनसाखरेचा. घरच्यापेक्षा दाट वाटली तर चिकोरी जास्त आहे. करपट वाटली तर डिकॉक्शन चुलीवर तापत राहिलंय.

ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना, देवळालीला तोफखान्याची छावणी, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. या जागांमुळे दक्षिणेकडची कितीतरी कुटुंबं इथे येऊन राहिली आहेत. तुमच्या इमारतीत असं एखादं घर असेल तर काकूंना विचारा, त्या पूड कुठून आणतात. एवढा नेमका पत्ता इंटरनेटवर सापडत नाही.

चौथं काम: कॅफेत गेल्यावर काय बघायचं

शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. मधल्या वारी, सकाळी अकराच्या सुमारास जा. कॉफी करणाऱ्याला तेव्हा बोलायला वेळ असतो, आणि निम्मं शिक्षण त्या बोलण्यातच आहे.

आत शिरल्यावर यंत्राशेजारचं दळणयंत्र बघा. प्रत्येक कपासाठी ताजं दळत असतील तर चांगलं. वरच्या पारदर्शक डब्यातल्या बिया काळ्या कुळकुळीत आणि तेलाने चमकत असतील तर भाजणी गडद आहे, आणि कडेला तेल चिकटून पिवळं पडलं असेल तर तो डबा बरेच दिवस धुतलेला नाही. दूध फेसाळणारी वाफेची नळी प्रत्येक वेळी पुसतात का, तेही बघा. नळीवर वाळलेल्या दुधाचा थर दिसला तर मी तिथे दुधाची कॉफी मागवत नाही.

मग दोन प्रश्न विचारा. बिया कुठल्या? कधी भाजल्यात? ‘चिकमगळूरच्या अमुक मळ्याच्या, दहा दिवसांपूर्वी भाजलेल्या’ हे उत्तर झालं. ‘इटालियन रोस्ट’ हे उत्तर नाही, त्यातून फक्त गडद भाजणी कळते. मुलांना माहीत नसेल तर रागावू नका. पाकीट दाखवाल का म्हणून विचारा, ती आनंदाने दाखवतात आणि पुढच्या वेळी त्यांनाही माहीत असतं.

पहिल्या भेटीत पोर-ओव्हर मिळत असेल तर तीच घ्या. कागदाच्या गाळणीतून हळूहळू पाणी सोडून केलेली ही काळी कॉफी, साधारण १५ ग्रॅम पुडीला २४० मिली पाणी. बीचा स्वभाव सर्वांत स्वच्छ हिच्यात कळतो. नसेल तर अमेरिकानो घ्या, म्हणजे एस्प्रेसोत (यंत्राच्या दाबाने काढलेल्या दाट कॉफीत) गरम पाणी. एस्प्रेसोचा साधारण हिशेब असा की १८ ग्रॅम पुडीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास द्रव निघावा. दहा-बारा सेकंदांत भसाभसा धार आली तर कॉफी आंबट आणि पाणचट होते, फार रेंगाळली तर कडू आणि जीभ आवळणारी. काउंटरसमोर बसलात तर हे डोळ्यांनी दिसतं. कॅपुचिनो दुसऱ्या भेटीला ठेवा.

काळी कॉफी गरम असताना फारसं बोलत नाही. पाच-सात मिनिटं थांबा, थोडी निवली की आंबटगोड छटा पुढे येतात. पूर्ण गार झाल्यावरही प्यावीशी वाटली तर कॉफी खरंच चांगली आहे. वाईट कॉफी गरमपणाच्या आडोशाला लपते.

कॉलेज रोडवरची आइस्क्रीमचा गोळा घातलेली कोल्ड कॉफी मजेत प्या, उन्हाळ्यात ती हवीच. पण तिच्यावरून दुकानाची कॉफी ठरवू नका. थंडच हवी असेल आणि बीही कळायला हवी असेल तर कोल्ड ब्रू मागा, ती थंड पाण्यात बारा तास किंवा त्याहून जास्त भिजवून काढतात.

एखादं दुकान आवडलं तर लगेच पुढचं शोधू नका. तिथेच दोन-तीनदा जाऊन तीच कॉफी घ्या. दर वेळी सारखी लागली तर ते दुकान तुमचं.

पाचवं काम: प्रवासात

मुंबईला जाताना दादरला उतरलात तर माटुंगा एकाच स्टेशनावर. तिथे कॅफे मद्रास, राम आश्रय, रामा नायक यांच्याकडे फिल्टर कॉफी प्याच, पण खरी गंमत पूड विकणाऱ्या दुकानात आहे. म्हैसूर कन्सर्न्ससारख्या जुन्या दुकानासमोरून जाताना वासानेच पाय थांबतात. अशा दुकानात मागायची पद्धत शिकून घ्या: ‘पीबी आणि प्लँटेशन ए अर्धी-अर्धी, चिकोरी वीस टक्के, फिल्टरचं दळण, पाव किलो.’ पीबी म्हणजे पीबेरी, फळात दोनऐवजी एकच गोल बी तयार होते ती. प्लँटेशन ए म्हणजे गर धुऊन काढलेली, मोठ्या आकाराची अरेबिका. पाकीट हातात येतं तेव्हा कोमट असतं. परतीच्या गाडीत ते पिशवीत वर ठेवा, खाली दाबू नका, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी डब्यात भरा.

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीची फिल्टर कॉफी घ्या. बंगळुरूला जायचं तर मनमाडहून कर्नाटक एक्स्प्रेस आहे. तिथे ‘बाय टू’ म्हटलं की एक कॉफी दोन ग्लासांत वाटून मिळते, त्यामुळे एका सकाळी तीन-चार ठिकाणी पिता येतं. १९२४ सालचं एमटीआर आणि बसवनगुडीतलं विद्यार्थी भवन या हॉटेलांपासून सुरुवात करा. चर्च स्ट्रीटवर इंडियन कॉफी हाउसही आहे. कामगारांच्या सहकारी संस्था ही उपाहारगृहं १९५७ पासून चालवत आल्या आहेत. त्यांच्या कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरच्या शाखेत काळ्या कॉफीला ‘इन्फ्यूजन’ म्हणतात, तीच मागवा.

तमिळनाडूत कुंभकोणमची डिग्री कॉफी दुधाच्या दर्जासाठी प्यायची. केरळात आणि कोडगूत घरोघरी गुळाची काळी कॉफी करतात. केरळी चुक्कु काप्पीत त्याशिवाय सुंठ आणि मिरी असते, सर्दीवर ती प्यायली जाते. आपल्याकडच्या सुंठेच्या काढ्यावर वाढलेल्या माणसाला ती पहिल्याच घोटात ओळखीची वाटते. घरी करून बघायला सोपी आहे, नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत तर खासच.

आपल्या राज्यातली कॉफीही विसरू नका. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या माथ्यावरच्या चिखलदऱ्यात कॉफीची झाडं आहेत. नाशिकहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीने बडनेऱ्याला उतरायचं आणि परतवाड्यामार्गे वर चढायचं. तिथे राहाल त्या ठिकाणी स्थानिक पूड मिळेल का विचारा, आणि मिळाली तर घरच्या मापाने करून वहीत लिहा.

परदेशाचं थोडक्यात. दुबईत वेलदोडा घातलेली फिकट अरबी कॉफी छोट्या वाटीत, खजुराबरोबर देतात. पुरे झाली की वाटी हलकेच हलवायची, नाहीतर पुन्हा भरतात. इस्तंबूलमध्ये गाळ खाली बसू द्या आणि तळाचा सोडून द्या. व्हिएतनाममध्ये ग्लासावर ठेवलेली छोटी धातूची गाळणी आणि तळाला कंडेन्स्ड मिल्क. कॉफी बहुतेक रोबस्टाच. इटलीत काउंटरवर उभ्याने प्या, बसलं की अनेक ठिकाणी दर वाढतो. तिकडच्या एस्प्रेसोच्या मिश्रणांत कधीकधी आपलीच मॉन्सून्ड मलबार असते. शिडाच्या जहाजांतून युरोपला जायला महिने लागत, तेवढ्या काळात दमट हवेने बिया फुगत आणि त्यांचा आंबटपणा जाई. जहाजं वेगवान झाल्यावर तो स्वाद हरवला, म्हणून आता मंगळूरच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात बिया मुद्दाम पसरून ठेवतात.

सहावं काम: एकदा मळा बघून या

देशातली जवळजवळ सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते, कोडगू, चिकमगळूर आणि हासन या पट्ट्यात. बाबा बुदान नावाच्या सूफी संताने येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं सांगतात. डोंगर आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. २०१९ साली कूर्ग (म्हणजे कोडगू), चिकमगळूर आणि बाबा बुदानगिरीच्या अरेबिकाला, वायनाडच्या रोबस्टाला आणि आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी पिकवतात त्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं. पाकिटावर ही नावं दिसली तर आता ती नकाशावर कुठे आहेत ते कळेल.

जायचं कधी, हे तुम्हाला काय बघायचंय त्यावर ठरवा. लाल फळांची तोडणी आणि अंगणात पसरलेल्या बिया बघायच्या तर डिसेंबर-जानेवारी. द्राक्षबागेच्या सरळ ओळींची सवय असलेल्या डोळ्यांना तिथला मळा आधी जंगलच वाटतो: वर सिल्व्हर ओक आणि फणस, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल, आणि त्या सावलीत कॉफी. होमस्टेत राहाल तर मालकांना सांगा की तोडणीपासून वाळवणीपर्यंत सगळं बघायचंय, आणि एक फळ तोडून चाखा. गर गोड असतो, कॉफीसारखा मुळीच लागत नाही.

फुलोरा बघायचा तर मार्च-एप्रिल. मळा एकदम पांढरा होतो, मोगऱ्यासारखा वास सुटतो. पण त्याची तारीख आधी ठरवता येत नाही. उन्हाळी पावसाची पहिली चांगली सर पडल्यावर आठ-दहा दिवसांनी कळ्या उमलतात आणि तीन-चार दिवसांत फुलं करपतात. त्यामुळे तिकीट काढण्याआधी मालकांना फोन करून एवढंच विचारा: ‘अण्णा, पाऊस झाला का?’